चंद्र बघायला पौर्णिमा नको, अष्टमी गाठा: दुर्बिणीतून चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी नेमकं काय दिसतं?

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत कोजागरीच्या रात्री दुर्बीण घेऊन जायचा उत्साह मी दाखवला होता. आकाश स्वच्छ होतं, मसाला दुधाचं पातेलं चुलीवर होतं आणि गच्चीवर ऐंशीएक माणसं जमली होती. दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावला तो एका काकांनी. त्यांनी पाच सेकंद बघितलं, डोळे चोळले आणि म्हणाले, "ट्यूबलाइटच आहे की हो. घरून दिसतो तसाच आहे, फक्त मोठा." पुढचे दोन तास थोड्याफार फरकाने सगळे तेच म्हणत होते. दूध मात्र छान झालं होतं.

चूक दुर्बिणीची नव्हती आणि काकांचीही नव्हती. दिवस चुकला होता. आपल्या डोक्यात चंद्र बघायचा म्हणजे पौर्णिमा, हे इतकं पक्कं बसलंय की चंद्रदर्शनाच्या कुठल्याही सार्वजनिक कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो: "अर्ध्या चंद्राला कशाला ठेवलाय कार्यक्रम? पौर्णिमेला पूर्ण दिसला असता ना!" म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अर्धा चंद्र जास्त कसा दाखवतो?

घराला रंग देणारे कारागीर भिंतीचा लांबी-पुट्टीचा हात नीट बसलाय का, हे कसं तपासतात ते आठवून बघा. ते दिवा भिंतीच्या समोर धरत नाहीत. भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूने धरतात. मग प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि समोरून गुळगुळीत वाटणारी भिंत खडबडीत निघते.

चंद्रावर अगदी हेच होतं. पौर्णिमेला सूर्य जवळपास आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या भागावर समोरून उजेड टाकतो. डोंगरांच्या सावल्या डोंगरांच्याच मागे लपतात. उरतं ते नुसतं पांढरं आणि करडं. अष्टमीच्या सुमाराला सूर्य बाजूला असतो. उजेड आणि अंधार यांच्यातली जी सीमारेषा चंद्राच्या मधोमध दिसते, तिथे त्या वेळी सूर्योदय होत असतो. उगवत्या सूर्याच्या तिरप्या उन्हात सावल्या किती लांबतात, याचा हिशेब सोपा आहे. विवराची कड आसपासच्या जमिनीपेक्षा १ किलोमीटर उंच असेल आणि सूर्य क्षितिजावर ५ अंश चढलेला असेल, तर सावली ११ किलोमीटरपेक्षा लांब पडते. तोच सूर्य ४५ अंशांवर आला की सावली उरते १ किलोमीटर. उंची तीच, पण दुर्बिणीतून दिसण्यात दहापटीहून जास्त फरक.

आणखी एक गोष्ट फार जणांना खरी वाटत नाही. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा तेजस्वी नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. याचं एक कारण म्हणजे याच सावल्या: उजळलेल्या अर्ध्या भागातही बरीचशी जमीन काळोखात असते. दुसरं कारण असं की चंद्रावरची धूळ, समोरून आलेला उजेड आला त्याच दिशेने जास्त परत फेकते. म्हणजे अष्टमीला डोळे दिपत नाहीत, हा वरचा फायदा. पौर्णिमेच्या चंद्राने डोळ्याला इजा होत नाही, पण दिपून जातं आणि मग बारकावे दिसत नाहीत. (सूर्याचं मात्र तसं नाही. योग्य फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. हे मुलांना चंद्राच्या कार्यक्रमातही सांगून ठेवावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या दुर्बिणीवर प्रयोग करणारे असतात.)

पंचांगात सगळं लिहिलेलं आहे

कार्यक्रम कधी ठेवायचा यासाठी ॲपची गरज नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथी ही मुळात खगोलशास्त्रीय मोजमाप आहे. आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. ३६० भागिले १२ म्हणजे ३० तिथी, असा तो महिना. शुक्ल अष्टमी म्हणजे चंद्र सूर्यापासून ८४ ते ९६ अंश पुढे असण्याचा काळ. बरोबर ९० अंशांवर चंद्र अर्धा असतो, म्हणजे हा क्षण अष्टमीच्या ऐन मध्यावर येतो.

९० अंशांचा अर्थ असा, की हा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, सूर्य मावळताना आकाशात सर्वांत उंच असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. संध्याकाळी साडेसहा-सातपासून चार तास हाताशी. लहान मुलं जागी असतात, आजी-आजोबांना उशीर होत नाही. शुक्ल पंचमी ते दशमी यांतला कुठलाही दिवस चालतो.

आता इतर दिवस याच हिशेबाने तपासून बघा. संकष्टीला, म्हणजे कृष्ण चतुर्थीला, चंद्रोदय रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान होतो. तो पुरेसा वर येईपर्यंत लोक जेवून झोपायला निघालेले असतात, आणि चंद्र जवळजवळ पूर्ण असल्याने सावल्याही कमी. कृष्ण अष्टमीचा चंद्रही अर्धाच असतो आणि दुर्बिणीत तितकाच देखणा दिसतो, पण तो उगवतो मध्यरात्री. अंधाऱ्या रात्री आकाशदर्शन करणारी मंडळी तर चंद्राला टाळूनच कार्यक्रम आखतात. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असोत किंवा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे, तारकागुच्छ आणि तेजोमेघ बघायचे तर अमावस्येच्या आसपास शहरापासून लांब जावं लागतं. चंद्रासाठी ते काही लागत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांखाली, दादरच्या किंवा कोथरूडच्या मैदानावरही तो तितकाच चांगला दिसतो. सामान्य माणसासाठीच्या पहिल्या कार्यक्रमाला चंद्र निवडतात तो यासाठीच.

जाता जाता एक गंमत. भाद्रपद शुक्ल चतुर्थीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चंद्र बघू नये, बघितला तर चोरीचा आळ येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे; स्यमंतक मण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण शुक्ल चतुर्थीची कोर दुर्बिणीतून विलक्षण दिसते. कोरीच्या टोकांवर उजळलेले डोंगर असतात आणि अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परावर्तित झालेला मंद उजेड पडलेला असतो, त्यामुळे आख्खा गोल जाणवतो. ज्यांना भाद्रपदातली चतुर्थी नको असेल, त्यांच्यासाठी वर्षात आणखी अकरा आहेत.

जगभर एकाच रात्री

चंद्र बघण्यासाठी आता एक आंतरराष्ट्रीय रात्रही आहे. 'नासा'चं लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान जून २००९ मध्ये चंद्राकडे निघालं. त्या निमित्ताने झालेल्या कार्यक्रमांना मिळालेला प्रतिसाद पाहून २०१० पासून दरवर्षी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी 'इंटरनॅशनल ऑब्झर्व्ह द मून नाइट' साजरी होऊ लागली. तारीख दरवर्षी बदलते, कारण ती शुक्ल अष्टमीच्या आसपासचा शनिवार बघून ठरते. तिथी हा शब्द ते वापरत नाहीत, इतकंच.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मात्र हा मुहूर्त फारसा सोयीचा नाही, असं माझं मत आहे. एक तर सप्टेंबरात पाऊस पुरता गेलेला नसतो. दुसरं कारण भूमितीचं आहे. अष्टमीचा चंद्र सूर्याच्या ९० अंश पुढे, म्हणजे सूर्य तीन महिन्यांनी जिथे असेल साधारण तिथे असतो. सप्टेंबरातला अष्टमीचा चंद्र डिसेंबरातल्या सूर्याच्या जागी, दक्षिणेकडे कललेला. मार्चमधला अष्टमीचा चंद्र जूनमधल्या सूर्याच्या जागी, म्हणजे आपल्याकडे जवळपास डोक्यावर. चंद्र जितका उंच, तितका मधला हवेचा थर कमी आणि चित्र स्थिर. फेब्रुवारी ते एप्रिल हा आपला खरा हंगाम. पुण्याची 'आयुका' २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांसाठी दारं उघडते, तेव्हाही संध्याकाळी दुर्बिणींपुढे रांगा लागतात. गोव्यातही अशा कार्यक्रमांना कोरड्या महिन्यांतच जाणं शहाणपणाचं.

"मला काहीच दिसत नाहीये"

रांगेत पाच-सात मिनिटं उभं राहून शेवटी डोळा लावावा आणि काळोखाशिवाय काही दिसू नये, हे इतक्या जणांचं होतं की त्याबद्दल लाजण्यासारखं काही नाही.

दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत फार बारीक असतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून शंभरपट मोठं करून बघत असाल, तर हा झोत असतो फक्त २ मिलिमीटर जाडीचा. तुमच्या बुबुळाने तो नेमका पकडावा लागतो. म्हणून डोळा एकदम आयपीसला टेकवू नका. दोन-तीन इंचांवरून उजेडाचा ठिपका शोधा, तो मध्ये ठेवून हळूहळू जवळ जा. दुसरा डोळा मिटून ठेवायची गरज नाही. मिटताना चेहरा आवळतो आणि डोकं हलतं. तळहाताने झाका.

हात मात्र पाठीमागे ठेवा. नळीला किंवा आयपीसला आधारासाठी धरायची इच्छा होतेच, आणि तिथेच चंद्र निसटतो. शंभरपट मोठं करताना थरथरही शंभरपट होते.

चष्मा काढायचा की नाही? जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढा, फोकसचं चाक किंचित फिरवून दुर्बीण तुमच्या डोळ्याशी जुळवता येते. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा, तो दोष फोकसने जात नाही.

आणि चंद्र सरकतो. खरं तर पृथ्वी फिरते, पण आयपीसमध्ये चंद्रच पळताना दिसतो. त्याचा आकाशातला व्यास सुमारे अर्धा अंश. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. दुर्बिणीला मोटर नसेल तर शेजारी उभा असलेला स्वयंसेवक दर एक-दोन माणसांनंतर ती ढकलून जागेवर आणत असतो. तुमच्या पाळीला चंद्र कडेला गेलेला असेल तर निःसंकोच सांगा. "दिसला, दिसला" म्हणून पुढे सरकणारे बरेच असतात, त्यांतल्या काहींना काहीच दिसलेलं नसतं.

दिसणारा चंद्र उलटा असू शकतो. आरशाच्या दुर्बिणीत वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे होतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर चंद्र सरळ पण आरशातल्यासारखा डावा-उजवा बदललेला दिसतो. नकाशाशी ताडून बघणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

हवेमुळे चित्र पाण्याखाली असल्यासारखं लहरतं, तेही नैसर्गिक आहे. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी उष्णता सोडत असते आणि ती हवा दुर्बिणीसमोरूनच वर जाते. मैदानातल्या गवतावर किंवा मातीवर चित्र जास्त शांत असतं. माझ्या कोजागरीच्या कार्यक्रमात मी गच्ची निवडली होती, ही त्या दिवसाची दुसरी चूक.

तर बघायचं काय?

सर्वांत आधी नजर सीमारेषेवर न्या. तिथेच सगळं नाट्य असतं.

नुसत्या डोळ्यांना ससा किंवा हरीण वाटणारे काळपट डाग म्हणजे 'समुद्र'. जुन्या निरीक्षकांनी दिलेलं हे नाव तसंच राहिलं, पाणी तिथे नाही. मोठमोठ्या आघातांनी झालेल्या खोलगट भागांत लाव्हा पसरला आणि थिजला, तो हा काळा खडक. त्याचं नाव बेसॉल्ट. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यातून आपली लेणी कोरली आणि गड बांधले, तोही बेसॉल्टच. फक्त चंद्रावरचा बहुतांश ३०० कोटी वर्षांहून जुना, आणि दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपासचा.

समुद्रांच्या बाहेरचा उजळ, खडबडीत भाग विवरांनी भरलेला आहे. ही विवरं अशनींच्या आघातांनी झाली. पृथ्वीवरही तसे आघात झाले, पण पाऊस, वारा, नद्या आणि जमिनीच्या हालचालींनी खुणा पुसल्या. आपल्याकडे उरलेली ठळक खूण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. बेसॉल्टमध्ये झालेलं आघात-विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते उचलून चंद्रावर ठेवलं, तर चांगल्या हवेत २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून जेमतेम एक ठिपका दिसेल. आता अष्टमीला सीमारेषेवर, चंद्राच्या मध्याजवळ, एकाखाली एक अशी तीन मोठी विवरं शोधा: टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल. पैकी टॉलेमियसचा व्यास १५० किलोमीटरच्या वर आहे. मुंबई-पुणे हवाई अंतर त्यात मावून उरेल.

उत्तरेकडे ॲपेनाइन्स ही सुमारे ६०० किलोमीटर लांबीची डोंगररांग उजेडात येत असते. तिच्यातली काही शिखरं ५ किलोमीटरहून उंच आहेत, म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई. शिखरं उजळलेली आणि पायथे अंधारात, असं दृश्य इथे दिसतं. नशीब असेल तर चंद्र बरोबर अर्धा होण्याच्या आधीच्या काही तासांत, सीमारेषेच्या दक्षिण भागात अंधारावर उठून दिसणारं इंग्रजी 'एक्स' अक्षर सापडतं. तीन विवरांच्या कडा एकत्र येतात, त्यावर पहिलं ऊन पडतं आणि साधारण चार तास हा एक्स वेगळा दिसतो. मग आसपासची जमीन उजळते आणि तो त्यात मिसळून जातो.

षष्ठीला गेलात तर थिओफिलस आणि त्याला लागून असलेली जोडी बघा. दशमीला कोपर्निकस: ९३ किलोमीटर रुंद, पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती, मध्ये डोंगर. दक्षिणेचं टायको अष्टमीला अजून अंधारात असतं. पौर्णिमेला ज्या विवरातून पांढरे पट्टे निघालेले दिसतात ते हेच. तेवढ्या एका गोष्टीसाठी पौर्णिमा चांगली, हे कबूल करायला हवं.

चंद्रावर आपली नावंही आहेत. शांतिसागरात आर्यभट हे २२ किलोमीटरचं विवर आहे. लाव्हाने निम्मंअधिक बुडवल्यामुळे आता कमानीसारखी कडच उरली आहे. प्रसन्नसागरात विक्रम साराभाईंच्या नावाचं साधारण ८ किलोमीटरचं छोटं विवर आहे. दोन्ही पृथ्वीकडच्या बाजूला आहेत आणि अष्टमीला उजेडात असतात. मध्यम दुर्बीण आणि नकाशा असेल तर स्वयंसेवकाला विचारून बघा.

'चांद्रयान ३' कुठे उतरलं, हा २०२३ पासूनचा सर्वांत लोकप्रिय प्रश्न. उत्तर: दक्षिणेच्या कडेजवळ, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ती जागा आपल्याला फार तिरकी दिसते, त्यामुळे विवरं चपट्या लंबगोलांसारखी एकमेकांवर चढलेली भासतात. पण एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात आली होती. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम लँडर उतरला, तेव्हा तिथी शुक्ल सप्तमी होती. हा योगायोग नाही. लँडर आणि प्रज्ञान रोव्हर सौर ऊर्जेवर चालणार होते आणि चंद्रावरचा दिवस पृथ्वीच्या सुमारे १४ दिवसांचा असतो. पूर्ण दिवस मिळावा म्हणून त्या जागी सकाळ असतानाच उतरायचं होतं. त्या रेखांशावर सूर्य नुकताच वर आलेला असतो तो शुक्ल पक्षातल्या याच तिथींना. आपण दूरचित्रवाणीवर लँडिंग बघत होतो तेव्हा ढगांमागे अर्ध्याला थोडा कमी चंद्र होता, आणि दुर्बिणीवाल्यांना आवडणारा तिरपा उजेड विक्रमभोवती पडलेला होता.

"अमेरिकेचा झेंडा दाखवा ना"

हा दुसरा ठरलेला प्रश्न. मागोमाग तिसरा येतो: "दिसत नाही म्हणजे ते गेलेच नव्हते ना?"

याचं उत्तर चिडून देऊ नये, गणिताने द्यावं. पृथ्वीवरून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरावर एक आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, हा सुमारे १.८६ किलोमीटर इतका असतो. २०० मिलिमीटरची दुर्बीण आदर्श स्थितीत सुमारे ०.७ आर्कसेकंद वेगळं ओळखते. म्हणजे सव्वा-दीड किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट तिला ओळखता येत नाही. अवकाशातल्या २.४ मीटर आरशाच्या हबल दुर्बिणीलाही शंभरेक मीटरच्या खाली जाता येत नाही. दीड-दोन मीटरचा झेंडा पृथ्वीवरून बघायचा तर आरसा दीडशे मीटर व्यासाचा लागेल. तसा कुणी बनवलेला नाही.

मग पुरावा? जवळ जाऊन काढलेले फोटो आहेत. वर उल्लेख केलेल्या ऑर्बिटरने चंद्राभोवती खालून फिरत अपोलोच्या उतरण्याच्या जागांचे फोटो काढले. त्यांत चांद्रयानांचे मागे राहिलेले भाग आणि अंतराळवीरांच्या चालण्याच्या वाटा दिसतात. शंका घेणाऱ्याला दुर्बिणीपाशी उभं करून हे गणित समजावलं की तो बहुतेक वेळा पटवून घेतो, निदान भांडत तरी नाही. त्याच्या शंकेत गैर काही नसतं. "स्वतःच्या डोळ्यांनी दाखवा" असं म्हणणाऱ्या माणसासाठीच तर हा कार्यक्रम असतो.

चारशे वर्षांपूर्वीची फसलेली रात्र

ही मागणी जुनी आहे. गॅलिलिओने १६०९ च्या शेवटी आपली वीसपट दाखवणारी दुर्बीण चंद्राकडे वळवली. तिच्यात एका वेळी आख्खा चंद्रही मावत नसे. तरी त्याने सीमारेषेच्या पलीकडे, अंधारात, सुटे चमकणारे ठिपके बघितले आणि ओळखलं की ही उन्हात आलेली शिखरं आहेत. पुढचं काम शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचं. ठिपका सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाएवढा लांब दिसत होता. चंद्राचा व्यास २००० मैल धरला, तर त्रिज्या १००० आणि अंतर १०० मैल. १००० चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ जवळपास १००५. म्हणजे शिखर ४ मैलांहून उंच. आठवी-नववीतली मुलं हे मैदानावर उभ्या-उभ्या सोडवतात, आणि त्यानंतर रांगेत परत जाऊन तो ठिपका शोधतात.

मार्च १६१० मध्ये गॅलिलिओने हे सगळं छापलं. एप्रिलमध्ये तो दुर्बीण घेऊन बोलोन्याला गेला आणि तिथल्या वीसेक विद्वानांना रात्री गुरूचे उपग्रह दाखवायचा प्रयत्न केला. तो साफ फसला. बघणाऱ्यांना उपग्रह दिसेनात. त्यांच्यातल्या मार्टिन होर्की नावाच्या तरुणाने केप्लरला पत्र लिहून कळवलं की हे यंत्र जमिनीवर उत्तम चालतं आणि आकाशात फसवतं. होर्कीचा हेतू शुद्ध नव्हता हे खरं. पण अरुंद दृश्य, हलणारी नळी, सरावाशिवाय लावलेला डोळा: "मला काहीच दिसत नाहीये" म्हणायला ही कारणं आजही पुरतात.

दुर्बीण रस्त्यावर आणण्याचं श्रेय ज्या माणसाला द्यायला हवं, त्याचा भारताशी एक धागा आहे. जॉन डॉब्सन, १९१५ मध्ये बीजिंगमध्ये जन्मलेले, अमेरिकेत वाढले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत रामकृष्ण संघाचे साधू झाले. मठात राहून ते भंगारातल्या जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे बनवायचे आणि पुठ्ठ्याच्या नळीत, प्लायवूडच्या पेटीवर बसवायचे. या उद्योगापायी त्यांना १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांच्याभोवती फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांचा गट उभा राहिला. त्यांनी आपल्या रचनेचं पेटंट घेतलं नाही. आज जगभरच्या हौशी मंडळींकडे दिसणारी, तोफेसारखी पेटीवर बसलेली 'डॉब्सोनियन' ती हीच. महाराष्ट्रातल्या कार्यक्रमांतही तीच सर्वांत जास्त दिसते. चंद्र अगदी डोक्यावर असला की ती वळवायला अवघड जाते, तेव्हा स्वयंसेवकाला थोडा वेळ द्या.

रांगेचं गणित

एका माणसाला ३० सेकंद धरले, तरी ३०० माणसांना एका दुर्बिणीवर अडीच तास लागतात. म्हणून आयोजकांनी निमंत्रणाचा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकण्याआधी दुर्बिणी मोजाव्यात. रांगेच्या शेवटी असलेल्यांवर चंद्र इमारतीमागे जाण्याची वेळ येते, आणि शेवटी असतात ते बहुधा सर्वांत उशिरा कामावरून सुटलेले लोक.

लहान मुलांसाठी पायऱ्यांचा स्टूल हवा. ज्यांना वाकता येत नाही किंवा जे चाकाच्या खुर्चीत आहेत, त्यांच्यासाठी एक दुर्बीण खुर्चीत बसून बघता येईल अशी, छोट्या तिपाईवर लावून ठेवता येते. हे कमी ठिकाणी केलं जातं. अनेक ठिकाणी कॅमेरा जोडून पडद्यावर चंद्र दाखवतात आणि ज्येष्ठांना तिकडे बसवतात. पडदा समजावून सांगायला छान आहे, पण पडद्यावरचा चंद्र मोबाइलवरही दिसतो. त्यासाठी त्या आजी जिने उतरून आलेल्या नसतात.

मोबाइलने फोटो काढता येतो. आधी डोळ्याने बघा, मग फोनचा कॅमेरा आयपीसपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरून, स्क्रीनवरच्या चंद्राला बोट लावून उजेड कमी करा. नाहीतर फोटोत पांढरा गोळा येतो, माझ्या कोजागरीसारखा. आधाराच्या क्लिप मिळतात, त्या स्वस्तही असतात. पण फोटोचा कार्यक्रम रांग संपल्यावर करावा.

आणि वेळ असेल तर एकदा बघून घरी जाऊ नका. चंद्राच्या विषुववृत्तावर सूर्योदयाची रेषा ताशी सुमारे १५ किलोमीटरने सरकते, म्हणजे निवांत चालवलेल्या सायकलच्या वेगाने. सात वाजता अंधारात सुटा चमकणारा एखादा ठिपका लक्षात ठेवा, कुठल्या विवराच्या शेजारी आहे ते नीट बघा आणि रांगेच्या टोकाला पुन्हा उभे राहा. दहा वाजेपर्यंत ऊन तिथल्या उतारावरून खाली आलेलं असतं, ठिपक्याचा डोंगर झालेला असतो आणि तो बाकीच्या उजेडाला जोडला गेलेला असतो.